चालत्या मालिकेत चढलेला नट

खानापूर तालुक्यातील एका गावाचा, बेळगावच्या उद्यमबागेतील एका कारखान्यात लेथवर काम करणारा आणि पंधराएक वर्षे हौशी रंगभूमीवर विनोदी भूमिका करणारा एक नट मुंबईत चित्रित होणाऱ्या एका कौटुंबिक विनोदी मालिकेत दाखल झाला, तेव्हा ती मालिका सुरू होऊन नऊ महिने झाले होते. पहिले तीन आठवडे त्याचे पात्र पडद्यावर असून नसल्यासारखे होते आणि ते गुंडाळण्याची भाषा सुरू झाली होती. चौथ्या आठवड्यातील एका प्रसंगाने ते पात्र तगले. त्याला ज्या गोष्टीसाठी घेतले होते तीच त्याच्या आड आली आणि जी त्याच्याकडे कुणी मागितलीच नव्हती तिने त्याला तारले, म्हणून हे प्रकरण तपशिलात मांडण्याजोगे वाटते. त्याची बहुतेक नाटके मी बसवलेली असल्यामुळे माझी दृष्टी पूर्णपणे तटस्थ आहे असा माझा दावा नाही. नट, मालिका आणि वाहिनी यांची नावे त्याच्या इच्छेनुसार गाळली आहेत.

त्याची घडण समजल्याशिवाय पुढची अडचण समजणार नाही. गावच्या यात्रेतील नाटकाला रात्री उशिरा सुरुवात होते, प्रेक्षक देवळासमोर सतरंजीवर बसलेला असतो, लहान मुले रडत असतात, आणि शेवटच्या ओळीतील म्हाताऱ्याला ऐकू गेले नाही तर तो ते नटाला तिथल्या तिथे सुनावतो. बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत याने ट्रॉलीवर सजीव देखावे केले आहेत. तिथे तीन-चार मिनिटांचा तोच प्रसंग प्रत्येक चौकात नव्या गर्दीपुढे करावा लागतो, आणि कुठल्या चौकात किती थांबायचे हे समोरचा हशाच सांगतो. कारखान्यातील कन्नड मित्रांबरोबर त्याने उत्तर कर्नाटकातील कंपनी नाटकेही पुष्कळ पाहिली. ज्या जिल्ह्यातील गुर्लहोसूरला 1843 साली अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले, त्याच जिल्ह्याने कन्नड रंगभूमीला एणगी बाळप्पांसारखा नट दिला. तेव्हा आमच्याकडच्या नटाचा एक कान मराठी आणि एक कन्नड असणे यात नवल काही नाही. या दोन्ही शाळांनी त्याला एकच गोष्ट शिकवली होती, ती म्हणजे प्रेक्षक हसला की थांबायचे आणि हशा ओसरू लागला की पुढचे वाक्य टाकायचे.

मालिकेत जागा रिकामी झाली ती जुना विनोदी नट नाटकाच्या दौऱ्यासाठी बाहेर पडल्यामुळे. अशा वेळी निर्मात्यापुढे दोन वाटा असतात. तेच पात्र दुसऱ्या नटाकडे द्यायचे, किंवा ते पात्र कथेतून घालवून नवे पात्र आणायचे. 2008 पासून चालू असलेल्या ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’ या हिंदी मालिकेने अनेकदा पहिली वाट धरली. डॉ. हाथींचे काम करणारे कवी कुमार आझाद जुलै 2018 मध्ये वारले, तेव्हा आरंभी तीच भूमिका केलेले निर्मल सोनी त्या भूमिकेत परत आले. पात्र जर वेशभूषेने, देहयष्टीने आणि ठरलेल्या वाक्यांनी ओळखले जात असेल तर ही वाट चालते. आमच्या मालिकेत, म्हणजे ठाण्यातील एका मंगल कार्यालयाभोवती फिरणाऱ्या त्या कथेत, गेलेला नट घरच्या थोरल्या मुलाचे काम करीत होता, आणि त्याच्या जागी दुसरा चेहरा लोकांनी सोसला नसता. म्हणून मुलाला दुबईला धाडण्यात आले आणि कार्यालयात नवा आचारी आणायचे ठरले. तो बेळगावकडचा असावा, ही सूचना वाहिनीकडून आली.

ती सूचना का आली, हे नीट पाहायला हवे. मराठी वाहिन्यांच्या प्रेक्षकसंख्येचे जे साप्ताहिक आकडे बार्क ही संस्था गुरुवारी देते आणि ज्यांवर वाहिनीचा जीव टांगलेला असतो, ते महाराष्ट्र आणि गोवा या बाजारपेठेचे असतात. बेळगाव, निपाणी, खानापूर इथे संध्याकाळी घरोघरी मराठी मालिका लागतात, पण ही घरे पडतात कर्नाटकात, आणि त्या गणतीत ती नसतात. म्हणजे आमचा माणूस आमच्यासाठी घेतलेला नव्हता, पुण्या-नाशकाच्या कानांना वेगळा लागावा म्हणून घेतला होता. 2016 साली सुरू झालेल्या ‘तुझ्यात जीव रंगला’ने कोल्हापुरी बोली घराघरात नेल्यानंतर दर नव्या कथेत एखाद्या मुलखाची बोली आणण्याची जी ओढ लागली, तिचाच हा पुढचा मुक्काम होता. त्याने फोनवर चित्रित करून पाठवलेल्या ऑडिशनमध्ये अभिनयाचे तीन तुकडे होते. त्यांपैकी वाहिनीला भावला तो ज्यात त्याने गमतीने हेल काढून दाखवला होता तो, हे त्याला नंतर कळले.

करार तीन महिन्यांच्या एका ट्रॅकचा, म्हणजे मालिकेतील एका उपकथेचा, महिन्याला किमान बारा दिवसांचे काम, पैसे दिवसावर आणि ते हातात येणार नव्वद दिवसांनी. कारखान्याच्या मालकाने बिनपगारी रजा दिली. रात्रीच्या बसने तो मुंबईला गेला आणि घोडबंदर रस्त्याकडे दोन सहायक दिग्दर्शकांबरोबर खोली घेऊन राहिला.

पहिल्या दिवशीच घोटाळा झाला. रोजच्या मालिकेत सुमारे बावीस मिनिटांचा भाग रोज लागतो, हातात तयार भागांचा साठा जेमतेम चार-पाच दिवसांचा असतो, आणि दिवसाचे सीन पुष्कळदा सकाळी मेकअप चालू असतानाच हाती येतात. तालीम म्हणजे कॅमेरा लागेपर्यंत एकदा वाक्ये म्हणून घेणे. हे सारे त्याने निभावले. त्याचे पाठांतर पक्के होते. त्याचे अडले ते शांततेपाशी. त्याने विनोदी वाक्य टाकले आणि सवयीने तो हशासाठी थांबला. हसायला समोर कुणीच नव्हते. होते ते श्वास रोखून उभे असलेले प्रकाशयोजनेचे लोक, कारण सीन चालू असताना हसणे हा सेटवर अपराध आहे. त्या पोकळीत समोरच्या नटाला वाटले, हा वाक्य विसरला. त्याने आपले वाक्य पुढे रेटले. ‘हास्यजत्रे’सारख्या कार्यक्रमात समोर परीक्षक बसून हसतात, त्यामुळे रंगमंचावरून आलेल्या नटाला निदान एक खुंटी मिळते. मालिकेत ती नाही. शिवाय छातीला लावलेल्या माइकपुढे त्याचा शेवटच्या ओळीपर्यंत जाणारा आवाज किंचाळल्यासारखा लागे. रात्री त्याचा फोन आला. “सर, इथं कोण हसतच नाही ओ. मी थांबायलोय, आणि समोरचा बोलून सोडायलाय.”

या अडचणीवर उपाय सुचवला तो मालिकेत आजीचे काम करणाऱ्या ज्येष्ठ अभिनेत्रीने. दुसऱ्या आठवड्यात तिने त्याला बाजूला घेऊन विचारले, “वाक्य संपलं की तू कुठे बघतोस रे?” तो म्हणाला, “ताई, मागं कोणतरी बसलंय असं वाटतंय बघा.” ती म्हणाली, “मागे भिंत आहे. माझ्याकडे बघ. हसायचं की चिडायचं ते मी ठरवते, आणि ते घरी बसलेला माणूस माझ्या तोंडावर वाचतो.” त्याने यातून स्वतःसाठी एक युक्ती काढली. वाक्यानंतर थांबायचे ते वाक्याआधी थांबायचे. वाक्यानंतरची शांतता कुणीही भरून टाकतो आणि संकलकही ती कापतो. वाक्याआधीची शांतता मात्र ज्याचे वाक्य असते त्याच्या मालकीची असते, आणि तेवढ्यात समोरच्यांचे चेहरे टिपायला कॅमेऱ्याला सवड मिळते. मी पंधरा वर्षांत त्याला ही गोष्ट शिकवली नव्हती, कारण आमच्या मंडपात तिची गरजच पडत नाही.

भाषेचा पेच मात्र युक्तीने सुटणारा नव्हता. संवादांत त्याच्या तोंडी घातलेले मराठी बेळगावात कुणी बोलत नाही. “भाकरी खाल्ला”, “ती आला”, “माझा आई” अशी लिंगांची मोडतोड, प्रत्येक वाक्याच्या शेवटी ओढलेला सूर, आणि मध्येच पेरलेला एखादा कन्नड शब्द, असा तो मसाला होता. याचे मूळ शोधायला लांब जावे लागत नाही. बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात काही काळ शिकवलेल्या पु. ल. देशपांड्यांनी कानडी वळणाचे मराठी बोलणाऱ्या रावसाहेबांचे जे चित्र रेखाटले, ते महाराष्ट्राच्या कानात इतके बसले आहे की बेळगावचा माणूस म्हटले की तोच सूर ऐकू येतो. पण कन्नड मातृभाषेचा माणूस बोलतो ते मराठी आणि खानापूरच्या मराठी शेतकऱ्याच्या घरात बोलले जाते ते मराठी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आमचा माणूस लिंगात चुकत नाही. तो “काय करायलास?” म्हणतो, “येतो की” म्हणतो, “सांगून सोडलो” म्हणतो, आणि आमच्याकडच्या अनेक बायका “मी आलो”, “मी जातो” म्हणतात, ती चूक नसून त्या मुलखाची रीत आहे. लेखनात ही रीतच गैरसमजाने चूक होऊन बसली होती. दिग्दर्शक वरून सांगे, “अजून थोडं कानडी कर,” आणि हा करी. इथे दोष त्याचाही होता, असे मला वाटते. नव्या माणसाने सेटवर वाद घालू नये हे खरे, पण पहिल्याच आठवड्यात “आमच्याकडे असे बोलत नाहीत” एवढे तरी त्याने सांगायला हवे होते. तो म्हणतो की दिवसावर पैसे घेणाऱ्याला ते सुचत नाही.

त्यातच प्रोमो आला, आणि त्यात त्याची ओळख “कर्नाटकातला कानडी आचारी” अशी करून दिली होती. ठाण्यात बसून हे लिहिणाऱ्याला त्यात वावगे काही दिसले नसणार. पण 1 नोव्हेंबर 1956 रोजी हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेल्यापासून त्या दिवशी एका बाजूला राज्योत्सव आणि दुसऱ्या बाजूला काळा दिन पाळणाऱ्या, आणि 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेल्या महाराष्ट्राच्या सीमाप्रश्नाच्या दाव्याकडे डोळे लावून बसलेल्या मुलखात एका मराठी घरातल्या मुलाला “कानडी” म्हणणे म्हणजे दुखऱ्या जागेवर नेमके बोट ठेवणे होते. गावातून त्याला फोनावर फोन आले. आईने एवढेच विचारले, “आपण कधीपास्नं कानडी झालो रं?” उद्यमबागेतील कन्नड मित्रही खूश नव्हते, आमच्या भाषेला हसायचे म्हणून तुला ठेवले काय, असा त्यांचा सवाल होता. एका प्रोमोने दोन्ही बाजू दुखावणे हे तसे अवघड काम, पण ते साधले होते. वाहिनीकडे गाऱ्हाणी पोहोचली, दुसऱ्या प्रोमोत तो “खानापूरचा आचारी” झाला, आणि याच गडबडीत संवादलेखिकेने त्याला प्रथमच स्वतःहून फोन करून घरी नेमके कसे बोलतात ते विचारले.

त्याने तिला उत्तर दिले नाही, आवाज पाठवले. आईचा, शेजारच्या काकांचा, कारखान्यातील मराठी आणि कन्नड मित्रांच्या डबा खातानाच्या गप्पांचा. त्या गप्पा ऐकताना तिच्या लक्षात आले की हा माणूस एका मित्राशी मराठीत आणि दुसऱ्याशी कन्नडमध्ये बोलतो आणि दोन्हीत अडखळत नाही. तिने विचारले, “म्हणजे तुम्हाला कन्नड पूर्ण येतं?” हा प्रश्न चौथ्या आठवड्यापर्यंत कुणालाही पडला नव्हता. मोडके मराठी बोलण्यासाठी घेतलेला माणूस दोन भाषा धड जाणतो, हे त्या लेखनात कुठेच बसत नव्हते. बोलता बोलता त्याने तिला बाजारातील एक जुनी लबाडी सांगितली, आणि तिच्यावरून नारळाचा प्रसंग उभा राहिला.

लग्नाच्या आदल्या दिवशी तिपटूरहून नारळाची गाडी येते. चालक आणि त्याचा पोऱ्या कार्यालयाच्या अंगणात नारळ मोजून देत असतात. घरचे आजोबा वही घेऊन समोर उभे आहेत आणि त्या मोजणीच्या तालावर मान डोलवत आहेत. आचारी मागे बसून कांदा चिरतो आहे, त्याला एकही वाक्य नाही. पोऱ्या मोजतो, “हन्नोंदु, हन्नेरडु, हदिनाल्कु...” अकरा, बारा, चौदा. सुरी थांबते. आचारी मान वर करीत नाही, पुन्हा चिरू लागतो. दुसरे पोते सुटते, पुन्हा तेरावा नारळ गायब, पुन्हा सुरी थांबते. तिसऱ्या वेळी पोऱ्याची नजर त्याच्याकडे जाते आणि तो कचरतो. चालक त्याला म्हणतो, “इवनिगे कन्नड बरल्ल, एणिसु.” याला कन्नड येत नाही, मोज तू. आचारी सुरी खाली ठेवतो, हात पुसतो, उठून पोत्याजवळ येतो. आजोबा, आजी, चालक, पोऱ्या सगळे त्याच्याकडे बघत आहेत. तो बराच वेळ काही बोलत नाही. मग म्हणतो, “बरतैती.” येते. आणि पहिला नारळ उचलून “ओंदु” पासून मोजायला बसतो. आजी विचारते, “काय रे, काय म्हणतोय तो?” तो म्हणतो, “काय नाही आजी, मोजायला शिकवायलोय.”

हा प्रसंग का लागला, याचा मी पुष्कळ विचार केला. कन्नड न जाणणाऱ्या प्रेक्षकाला तेरा गाळल्याचे कळत नाही, पण सुरी थांबल्याचे दिसते. दुसऱ्यांदा थांबली की त्याला संशय येतो आणि तिसऱ्यांदा तो वाट पाहू लागतो. कन्नड जाणणारा मात्र पहिल्याच फटक्यात हसतो आणि हा उठतो कधी याची वाट पाहतो. एकाच प्रसंगावर दोन मुलखांचे लोक दोन वेगळ्या जागी हसले, आणि दोघांनाही आचाऱ्याकडे तुच्छतेने पाहायची गरज पडली नाही, कारण त्या अंगणात सगळ्यांत जास्त कळणारा माणूस तोच होता. त्याआधीच्या तीन आठवड्यांत तो चौकटीत सर्वांत कमी कळणारा होता. आजीने दिलेला धडाही इथे कामी आला. लांबलेली शांतता वाक्याच्या आधीची होती आणि तिच्यात चारही चेहरे टिपून घेता आले.

एक बारकावा त्याने हट्टाने राखला. चालकाचे काम करणारा नट म्हैसूरकडचे कन्नड बोलणारा होता, म्हणून “बरल्ल”. आचाऱ्याचे उत्तर त्याने उत्तर कर्नाटकी ठेवले, “बरतैती”. पुणेरी प्रश्नाला कोल्हापुरी उत्तर यावे, तसा हा प्रकार. सेटवर कुणालाही यातला फरक कळला नसता आणि त्या क्षणी तो समजावत बसायला वेळही नव्हता. त्याने नुसते तसे म्हटले. उद्यमबागेतील कन्नड मित्रांचा राग त्या एका शब्दाने गेला. तो तुकडा त्यांनीच फोनवरून सर्वांत जास्त फिरवला, ज्या प्रेक्षकांची गणतीच नाही अशा प्रेक्षकांनी.

पुढचा भाग इतका आनंदाचा नाही. ट्रॅक वाढला, करार सहा महिन्यांचा झाला, आणि “बरतैती” या शब्दाचे पालुपद झाले. आजोबांनी विचारावे, “रिक्षा चालवता येते का?” याने म्हणावे, “बरतैती.” पोहता येते का, इस्त्री येते का, इंग्रजी येते का. वाक्याआधीची ती शांतताही आता लेखनातच कंसात लिहून येऊ लागली. पाचव्या-सहाव्या वेळेनंतर त्यात काही उरले नव्हते असे माझे मत आहे, आणि त्याचेही. पण याबाबतीत त्याने वाद घातला नाही, कारण पहिल्या तीन महिन्यांच्या कामाचे पैसे तेव्हा कुठे यायला लागले होते आणि तोवर घर पतसंस्थेच्या कर्जावर चालले होते. संवादलेखिकेने मात्र एका गोष्टीत त्याची बाजू धरली. आचाऱ्याच्या आईचा फोन येतो तेव्हा ती “मी येतो बघ तिकडं” म्हणते, आणि त्यावर कुणी हसावे अशी सोय प्रसंगात कुठेही केलेली नसते.

यात्रेच्या वेळी त्याला तीन दिवसांची सुट्टी मिळाली आणि गावच्या नाटकात त्याने एक लहानशी भूमिका घेतली. तो रंगमंचावर आला तेव्हा देवळासमोरची गर्दी नुसत्या दर्शनानेच हसली. त्याने समोरच्या नटाकडे पाहिले, वाक्याआधी थांबला, चांगला थांबला, आणि छातीला माइक असल्यासारखे हळू, नेमके बोलला. शेवटच्या ओळीतून एक म्हातारा ओरडला, “मागं ऐकू येईना की रं!”

तो प्रेक्षकांकडे वळला आणि तेच वाक्य पुन्हा एकदा, मोठ्याने म्हणाला.